दोन मात्रांमधील अंतर आणि मध्येच थांबलेली एक चाचणी

“मुलीला पहिली मात्रा दिली, मग परीक्षा आल्या, बदली झाली, गाव सुटले आणि दुसरी राहूनच गेली. आता दीड वर्षाने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची का?” गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लसीचा विषय निघाला की पालकांकडून हा प्रश्न हमखास येतो. उत्तर एका वाक्याचे आहे : पुन्हा सुरुवात करावी लागत नाही, राहिलेली मात्रा तेवढी घ्यावी. परंतु या एका वाक्यामागे सुमारे वीस वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यातील सर्वांत निर्णायक प्रकरण भारतात घडले. ते कोणी ठरवून घडवले नव्हते. किंबहुना ज्यांनी ते आखले त्यांच्या दृष्टीने तो प्रयोगाचा अपमृत्यूच होता.

आधी पार्श्वभूमी थोडक्यात. जर्मन विषाणुशास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांच्या गटाने १९८३-८४ मध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या पेशींतून मानवी पॅपिलोमा विषाणूचे १६ आणि १८ हे प्रकार वेगळे केले. या शोधासाठी त्यांना २००८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हा विषाणू प्रयोगशाळेत सहजासहजी वाढत नाही, त्यामुळे जिवंत किंवा मृत विषाणू वापरून लस करण्याचा जुना मार्ग बंद होता. १९९१ मध्ये ऑस्ट्रेलियात इयान फ्रेझर आणि जियान झोऊ यांनी दाखवले की विषाणूच्या बाह्य कवचातील प्रथिन पेशींकडून तयार करून घेतले, तर ते आपोआप एकमेकांत गुंफून पोकळ गोळा बनवते. आतमध्ये जनुकद्रव्य नाही, म्हणून संसर्गाचे भय नाही. बाहेरून मात्र तो हुबेहूब विषाणू. लस बाजारात येण्यापूर्वीच, १९९९ मध्ये, झोऊ यांचे निधन झाले. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ‘गार्डासिल’ला जून २००६ मध्ये मान्यता दिली; ‘सर्व्हॅरिक्स’ ही दुसरी लस पाठोपाठ आली. भारतात दोन्ही २००८ च्या सुमारास परवानाप्राप्त झाल्या.

या लसींचे मूळ वेळापत्रक तीन मात्रांचे होते : गार्डासिलसाठी ०, २ आणि ६ महिने, सर्व्हॅरिक्ससाठी ०, १ आणि ६ महिने. हे आकडे कोठून आले? या विषाणूचा अभ्यास करून तीनच मात्रा लागतात असे सिद्ध झाले होते, अशी समजूत असेल तर ती सोडून द्यावी लागेल. कावीळ ‘ब’वरील लस हीही शुद्ध प्रथिनकणांची लस, आणि ती ०, १, ६ महिन्यांच्या क्रमाने चांगली काम करीत होती. नव्या लसीच्या चाचण्या आखताना तोच घडवलेला रस्ता धरणे स्वाभाविक होते. शिवाय परवाना मिळवू पाहणारी कंपनी परिणाम हमखास दिसेल असेच वेळापत्रक निवडणार. कमीत कमी किती मात्रांत भागेल, हे शोधण्याची गरज तिला नसते. ती गरज असते ज्यांना एकेक मात्रा परवडत नाही त्यांना. अमेरिकेत सुरुवातीला एका मात्रेची किंमत सुमारे १२० डॉलर होती.

वेळापत्रकातील शेवटचे अंतर मात्र केवळ अनुकरणाने आलेले नव्हते; त्याला शरीरशास्त्राचा आधार होता. पहिल्या मात्रेनंतर लसिकाग्रंथींमध्ये बी-पेशींची एक दीर्घ निवडप्रक्रिया सुरू होते. ज्या पेशींची प्रतिपिंडे विषाणूच्या कवचाला अधिक घट्ट चिकटतात त्या टिकतात, इतर मागे पडतात. अशा रीतीने तावून सुलाखून निघालेल्या स्मृतिपेशी तयार व्हायला साधारण चार ते सहा महिने लागतात. दुसरी मात्रा त्यापूर्वीच दिली तर ती अर्धवट शिकलेल्या विद्यार्थ्यांची परीक्षा घेतल्यासारखी होते. पुरेसा काळ जाऊ दिला तर तीच मात्रा परिपक्व स्मृतिपेशींना जागे करते आणि प्रतिपिंडांचे प्रमाण मोठी उसळी घेते. म्हणजे दोन मात्रांमधील अंतराच्या बाबतीत घाई ही खरी चूक आहे, उशीर नव्हे. ही गोष्ट पालकांच्या सहजबुद्धीच्या अगदी उलट जाते. ‘तारीख चुकली’ याची आपल्याला भीती वाटते. ‘तारीख लवकर आली’ याची कोणालाच वाटत नाही.

उशिराने काही बिघडत नाही याचा प्रत्यक्ष पडताळा व्हिएतनाममध्ये शाळकरी मुलींवर घेतलेल्या एका अभ्यासाने दिला. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांत तीन मात्रा ०, ६ आणि १२ महिन्यांनी, म्हणजे चक्क एका वर्षावर पसरून दिलेल्या मुलींचा प्रतिपिंड-प्रतिसाद प्रमाणित वेळापत्रकापेक्षा कमी ठरला नाही. कॅनडाच्या क्वेबेक प्रांताने तर त्याआधीच, २००८ मध्ये, धाडसी पाऊल उचलले होते : दोन मात्रा सहा महिन्यांच्या अंतराने, आणि तिसरी थेट पाच वर्षांनी, तीही गरज असली तर. पुढे ती तिसरी मात्रा लागलीच नाही.

आता भारताकडे येऊ. ल्यों येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेत काम करणारे, मूळचे तिरुवनंतपुरमच्या प्रादेशिक कर्करोग केंद्रातील डॉ. आर. शंकरनारायणन यांना भारतीय खेड्यांत मोठ्या प्रमाणावर अभ्यास करण्याचा अनुभव होता. तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यात १,३१,७४६ स्त्रियांवर त्यांनी टाटा स्मारक रुग्णालय आणि बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाच्या साथीने जो तपासणी-अभ्यास केला, त्यात आयुष्यात एकदाच केलेल्या विषाणू-चाचणीनेही गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्याने घटतात असे दिसले होते. (त्या अभ्यासातील तपासणी न मिळालेल्या गटाविषयी नंतर नैतिक आक्षेप घेतले गेले, तेही नोंदवले पाहिजे.) त्यांचा पुढचा प्रश्न साधा होता. तीनऐवजी दोन मात्रा, पण सहा महिन्यांच्या अंतराने, पुरेशा होतील का? तसे झाले तर खर्च एक-तृतीयांशाने घटेल आणि शाळेत एक फेरी कमी करावी लागेल.

सप्टेंबर २००९ मध्ये बार्शी, पुणे, मुंबई, अहमदाबाद, दिल्ली, हैदराबाद, तमिळनाडूतील अंबिलिक्कई, मिझोराममधील ऐजॉल अशा देशभरातील केंद्रांतून चाचणी सुरू झाली. १८८ वस्तीगट करून त्यांतील १० ते १८ वर्षे वयाच्या २०,००० अविवाहित मुलींना दोन गटांत विभागायचे होते : एका गटाला पहिल्या, साठाव्या आणि एकशे ऐंशीव्या दिवशी, दुसऱ्याला पहिल्या आणि एकशे ऐंशीव्या दिवशी. एका मात्रेचा गट असा योजनेत नव्हताच. तो मागितला असता तर कोणत्याही नैतिक समितीने त्याला बहुधा नकारच दिला असता.

याच सुमारास, या चाचणीशी संबंध नसलेला दुसराच एक प्रकल्प देशात चालू होता. ‘पाथ’ या अमेरिकी संस्थेने भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि राज्य सरकारांच्या सहकार्याने तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम जिल्ह्यात गार्डासिल आणि गुजरातेतील वडोदरा जिल्ह्यात सर्व्हॅरिक्स शाळकरी मुलींना देण्याचा ‘प्रात्यक्षिक प्रकल्प’ हाती घेतला होता. दोन्हीकडच्या मिळून वीस हजारांहून अधिक मुली, त्यांत मोठा वाटा आदिवासी आणि वसतिगृहांत राहणाऱ्या मुलींचा. २०१० च्या आरंभी त्यांपैकी काही मुलींच्या मृत्यूच्या बातम्या आल्या, एकूण सात. महिला आरोग्य संघटनांनी खम्ममला जाऊन चौकशी केली, संसदेत प्रश्न उठले, आणि एप्रिल २०१० मध्ये सरकारने प्रकल्प स्थगित केला.

सरकारने नेमलेल्या चौकशी समितीला मृत्यू आणि लस यांत कार्यकारणसंबंध आढळला नाही. बुडणे, सर्पदंश, कीटकनाशक प्राशन अशी कारणे नोंदली गेली. मात्र संमतीच्या बाबतीत जे निघाले ते झाकण्यासारखे नव्हते. आंध्रातील अडीच हजारांहून अधिक संमतीपत्रांवर आईवडिलांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या होत्या. दुष्परिणामांची नोंद ठेवण्याची व्यवस्था अपुरी होती. ऑगस्ट २०१३ मध्ये संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीने आपल्या ७२ व्या अहवालात ‘पाथ’ आणि वैद्यकीय संशोधन परिषद या दोहोंवर कठोर ताशेरे ओढले. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंतही गेले.

येथे दोन टोकांच्या कथा प्रचलित आहेत आणि मला दोन्ही अपुऱ्या वाटतात. एक म्हणते, लसीने मुली मारल्या. त्याला पुरावा नाही. दुसरी म्हणते, विज्ञानविरोधी कार्यकर्त्यांनी उत्तम लस दहा वर्षे अडवली. परंतु ज्या मुलीचे आईवडील चाळीस मैलांवरच्या पाड्यावर आहेत तिच्यासाठी सरकारी अधीक्षकाने सही करणे ही केवळ कागदोपत्री चूक नव्हे. लस सुरक्षित होती म्हणून ती सही ग्राह्य ठरत नाही. आणि ती सही अग्राह्य होती म्हणून लस घातक ठरत नाही. तेव्हाच्या गदारोळात ही दोन वाक्ये एकत्र उच्चारणारे थोडेच होते.

स्थगितीचा आदेश मात्र सरसकट निघाला. एचपीव्ही लसीच्या देशातील सर्वच चाचण्यांत लस टोचणे थांबवावे लागले, आणि त्यात शंकरनारायणन यांची बहुकेंद्री चाचणीही सापडली. तोवर १७,७२९ मुलींना किमान एक मात्रा मिळाली होती. कोणाचे वेळापत्रक पूर्ण झाले आणि कोणाचे तुटले, हे ती मुलगी चाचणीत कोणत्या तारखेला दाखल झाली यावर ठरले. आधी आलेल्यांपैकी ४,३४८ जणींना तिन्ही मात्रा मिळाल्या होत्या. ४,९७९ जणींना सहा महिन्यांच्या अंतराने दोन. तीन मात्रांच्या गटातील ३,४५२ मुलींच्या पहिल्या आणि साठाव्या दिवसाच्या दोन मात्रा झाल्या आणि तिसरी राहिली. उरलेल्या ४,९५० मुलींना एकच मात्रा मिळाली.

संख्याशास्त्राच्या दृष्टीने यादृच्छिक विभागणी मोडली होती. अशा वेळी वहीत ‘चाचणी रद्द’ असे लिहून मोकळे होणे सोपे असते. शंकरनारायणन, दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील डॉ. नीरजा भाटला, तिरुवनंतपुरमच्या राजीव गांधी जैवतंत्रज्ञान केंद्रातील डॉ. राधाकृष्ण पिल्लई आणि पुढे सूत्रे हाती घेणारे डॉ. पार्थ बसू यांनी तसे केले नाही. टोचण्यावर बंदी होती. विचारपूस करण्यावर नव्हती. त्यांनी सर्व मुलींचा पाठपुरावा चालू ठेवला. एक मात्रा मिळालेल्या मुली इतरांपेक्षा अधिक आजारी, अधिक गरीब किंवा अधिक बेफिकीर होत्या म्हणून त्यांच्या मात्रा राहिल्या नव्हत्या. एका तारखेने त्यांना वेगळे केले होते. नेहमीच्या लसीकरणात ज्यांच्या मात्रा राहतात त्यांच्याविषयी असे म्हणता येत नाही, आणि म्हणूनच हा अपघाती गट अमोल ठरला.

पाठपुरावा म्हणजे काय, याची कल्पना शहरी वाचकाला सहसा नसते. मुली मोठ्या होतात, शाळा सोडतात, लग्न होऊन दुसऱ्या गावी जातात, आडनाव बदलते. गर्भाशयमुखाचा नमुना लग्नानंतर अठरा महिन्यांनी किंवा पहिल्या बाळंतपणानंतर सहा महिन्यांनी, जे आधी येईल तेव्हा, घ्यायचा असे ठरले होते. म्हणजे आरोग्यसेविकेने माहेरी चौकशी करायची, सासरचा पत्ता शोधायचा, आणि तेथे जाऊन नव्या सुनेला व तिच्या घरच्यांना सगळे समजावून सांगायचे. हे एकदा नव्हे, तर वर्षानुवर्षे. शोधनिबंधात या सर्वाला एक ओळ मिळते.

पहिले मोठे निष्कर्ष २०१६ मध्ये ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’त आले. प्रतिपिंडांच्या मोजणीत सहा महिन्यांच्या अंतराने दोन मात्रा घेतलेल्या मुली तीन मात्रांच्या तोडीस तोड होत्या. दोनच महिन्यांच्या अंतराने दोन मात्रा मिळालेल्या मात्र मागे पडल्या. मात्रा तितक्याच, लस तीच, फरक केवळ मधल्या काळाचा; स्मृतिपेशींच्या परिपक्वतेचा सिद्धान्त येथे हजारो मुलींच्या रक्तात पडताळून पाहता आला. एका मात्रेच्या मुलींची प्रतिपिंडे त्याहूनही कमी होती, पण ती घसरत नव्हती; एका पातळीवर येऊन वर्षामागून वर्षे तेथेच टिकून होती.

आणि संसर्ग? खरा प्रश्न तोच. नोव्हेंबर २०२१ मध्ये बसू आणि सहकाऱ्यांनी सुमारे नऊ वर्षांच्या पाठपुराव्यानंतरचे आकडे मांडले. प्रकार १६ आणि १८ यांच्या चिवट संसर्गापासून मिळालेले संरक्षण : एका मात्रेने ९५.४ टक्के, दोन मात्रांनी ९३.१ टक्के, तीन मात्रांनी ९३.३ टक्के. हे आकडे पाहून एक मात्रा तीनपेक्षा सरस, असा अर्थ काढू नये. त्यांच्या अनिश्चिततेच्या मर्यादा एकमेकींवर पूर्णपणे चढलेल्या आहेत. अर्थ इतकाच की फरक दिसत नाही.

प्रतिपिंडे कमी असूनही संरक्षण सारखे कसे? याचे उत्तर लसीच्या रचनेत आणि विषाणूच्या संथपणात आहे. कणाच्या पृष्ठभागावर एकच प्रथिन ३६० वेळा, ठरावीक अंतरावर, अतिशय नियमित रीतीने मांडलेले असते. अशी मांडणी शरीराच्या दृष्टीने विषाणूचीच खूण, त्यामुळे बी-पेशींना मिळणारा इशारा जबरदस्त असतो आणि दीर्घकाळ प्रतिपिंडे बनवत राहणाऱ्या पेशी पहिल्याच खेपेला तयार होतात. शिवाय हा विषाणू पेशीत शिरायला कित्येक तास घेतो. तेवढ्या अवधीत थोडीशी प्रतिपिंडेही त्याला गाठू शकतात.

भारताचा पुरावा एकटा नव्हता. कोस्टा रिकातील मोठ्या चाचणीत गर्भारपण वगैरे कारणांनी ज्या स्त्रियांच्या मात्रा राहिल्या होत्या, त्यांच्यातही असेच चित्र २०११ मध्येच दिसले होते. आणि केनियात १५ ते २० वर्षे वयाच्या २,२७५ मुलींवर रीतसर यादृच्छिक चाचणी झाली. २०२२ मध्ये जाहीर झालेल्या तिच्या निष्कर्षांत एका मात्रेचे अठरा महिन्यांनंतरचे संरक्षण ९७.५ टक्के होते. भारतातील अपघाताला आता हेतुपूर्वक केलेल्या प्रयोगाचा दुजोरा मिळाला.

जागतिक आरोग्य संघटनेचे सल्ले या पुराव्यांबरोबर पायरी पायरीने बदलत गेले. २०१४ मध्ये १५ वर्षांखालील मुलींसाठी तीनऐवजी दोन मात्रा, किमान सहा महिन्यांच्या अंतराने. अंतर पाच महिन्यांपेक्षा कमी पडले तर तिसरी द्यावी. लस जगभर अपुरी पडू लागल्यावर २०१९ मध्ये संघटनेच्या तज्ज्ञगटाने दुसरी मात्रा तीन ते पाच वर्षे लांबवण्याची मुभा सुचवली, म्हणजे आहे त्या साठ्यात अधिक मुलींना निदान पहिली मिळेल. विलंब हा तोवर दोष मानला जात होता. येथे तो धोरण झाला. डिसेंबर २०२२ च्या भूमिकापत्रात ९ ते २० वर्षे वयाच्या मुलींसाठी एक मात्राही चालेल असे आले. २१ वर्षांपुढे सहा महिन्यांच्या अंतराने दोन मात्रा. एचआयव्हीबाधित किंवा अन्य कारणाने प्रतिकारशक्ती क्षीण असलेल्यांसाठी किमान दोन, शक्य तर तीन. हा शेवटचा अपवाद समाजमाध्यमांवरील ‘एकच पुरे’च्या उत्साहात वारंवार गळून पडतो, आणि ज्यांना सर्वाधिक धोका त्यांचीच दिशाभूल होते.

ज्या देशाच्या मुलींनी हा पुरावा दिला, तेथे मात्र लसच पोचायला वेळ लागला. सिक्कीमने २०१८ मध्ये शाळांतून मोहीम राबवून ९० टक्क्यांहून अधिक पात्र मुलींना लस दिली. त्याआधी पंजाबने भटिंडा आणि मानसा या दोन जिल्ह्यांत सुरुवात केली होती. बाकी देशात ती खासगी दवाखान्यातील, ऐपत असणाऱ्यांची लस राहिली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या ‘सर्व्हाव्हॅक’ या देशी लसीला जुलै २०२२ मध्ये परवानगी मिळाली. तिच्या वेष्टनावरील वेळापत्रक ९ ते १४ वयासाठी दोन आणि १५ ते २६ साठी तीन मात्रांचे. जागतिक शिफारस आणि परवान्यातील मजकूर यांत तफावत दिसते ती यामुळे : परवाना त्या त्या लसीच्या स्वतःच्या चाचणीवर दिला जातो, आणि एका मात्रेचा पुरावा ज्या लसींवर जमला त्या दुसऱ्या होत्या. म्हणून डॉक्टरांनी दोन मात्रा सांगितल्या तर ते जुनाट आहेत असे समजण्याचे कारण नाही, आणि दुसरीला वर्ष उलटून गेले तर पहिली वाया गेली असेही नाही.

जागतिक कर्करोग नोंदीच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात या कर्करोगाचे १,२७,५२६ नवे रुग्ण आणि ७९,९०६ मृत्यू झाले. त्या स्त्रियांपैकी बहुतेकींना संसर्ग झाला तेव्हा लस अस्तित्वातही नव्हती, कारण संसर्गापासून कर्करोगापर्यंतचा प्रवास पंधरा-वीस वर्षांचा असतो. याच कारणाने २००९-१० च्या चाचणीतील मुलींचा पाठपुरावा नऊ वर्षांवर थांबवून भागणार नव्हते. एप्रिल २०१० मध्ये दहा वर्षांची असलेली, एकच मात्रा मिळालेली मुलगी आज पंचविशी ओलांडून गेली आहे. तिची कर्करोगाच्या खऱ्या जोखमीची वर्षे अजून पुढे आहेत.